सरकारमान्य देशी

आमच्या लेकीच्या, रसिकाच्या दुकानाचं उद्घाटन दहा वाजता होतं आणि आमचे हे उजाडल्यापासून जिना खालीवर करत होते. बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण आनंद झाला की उत्तमरावांना लिफ्ट पुरत नाही. मी स्वयंपाकघरात शिरा परतत होते आणि दर वेळी दार वाजलं की माझा हात हलून साखर इकडेतिकडे होत होती. चौथ्या की पाचव्या फेरीला हे धापा टाकत आत आले.

"गिरिजा, लाईन लागलीय!"

"कसली?"

"कसली काय? गिऱ्हाइकांची! शटर अजून वर गेलेलं नाही आणि बाहेर माणसं उभी आहेत. सगळे पुरुष! तूच म्हणत होतीस ना, बापांना पोरांच्या शाळेचं काही पडलेलं नसतं? खाली येऊन बघ जरा!"

खरं सांगते, मला भरूनच आलं. शाळा सुरू व्हायला आठवडा होता, दुकान दप्तरांचं होतं, आणि सकाळी सकाळी बापमंडळी रांग लावून उभी! मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि शिऱ्याचं पातेलं तसंच हातात घेऊन ह्यांच्या मागे निघाले.

आता हे दुकान कसं झालं ते सांगायला हवं. आमचे हे स्वदेशीचे भक्त. निवृत्त झाल्यापासून तर विचारूच नका. शांती नगरातल्या किराणा दुकानात गेले की प्रत्येक पुडा उलटा करून कुठे बनला ते वाचणार. साधी टूथपेस्ट घ्यायची तरी चष्मा पुसण्यापासून सुरुवात. दुकानदार मनसुखभाई कपाळाला हात लावून म्हणतो, "काका, दुकान बंद करवानो टाइम थई गयो." ह्यांचं म्हणणं एकच. इथे खर्च केलेला पैसा इथेच फिरला पाहिजे, फिरत फिरत कुणाच्या तरी पोरीचा पगार झाला पाहिजे. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण माणूस बोलतो तसं वागतो, हे मी भांडणातसुद्धा कबूल करते.

रसिकाच्या शाळेच्या वेळी तेच झालं. बिल्डिंगमधली झाडून सगळी पोरं टाय लावून पिवळ्या बसमध्ये चढत होती आणि आमची रसिका महापालिकेच्या मराठी शाळेत चालत जात होती. शेजारणी मला लिफ्टमध्ये हळू आवाजात विचारायच्या, "काही प्रॉब्लेम आहे का घरी?" मी जळून खाक व्हायचे. हे मात्र छाती काढून सांगायचे, "कर आपण भरतो, मग शाळा परकी कशी?" पुढे ती ठाण्याच्या सरकारी आयटीआयमध्ये शिवणकाम शिकली. तिथेच तिला भाईंदरजवळच्या तारोडी गावची मेगन भेटली. दोघी पास झाल्या आणि भाईंदरच्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात लागल्या. तिथे दोन वर्षं परदेशातल्या पोरांची दप्तरं शिवली. मग एक दिवस रसिका जेवताना म्हणाली, "आई, आता आपल्या पोरांची शिवते." आणि दोघींनी नोकरी सोडली.

आमच्याच बिल्डिंगखाली एक गाळा रिकामा होता. इचलकरंजीचं कापड आणलं, पट्टे भाईंदरचेच. चेनसाठी ह्यांनी पायांचे तुकडे पाडले. व्यापारी म्हणायचे, "अंकल, चेन तो चेन है, किधर का भी हो." पण शेवटी इथली चेन मिळवलीच त्यांनी. सोसायटीने दुकानाला परवानगी दिली, पण अट घातली. रहिवाशांची तक्रार आली, तर शटर खाली. आणि हा हंगाम गेला की दप्तरं कोण घेतं? दोघी पोरींना पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं. म्हणून आजचा दिवस नीट पार पडणं फार गरजेचं होतं.

खाली पोचलो. खरंच माणसं होती. एक जण भिंतीला टेकून, दोघे कठड्यावर, एक जरा लांब, आपण ह्यांच्यातले नाही अशा चेहऱ्याने. रसिका आणि मेगन आत होत्या, शटर अर्धं वर होतं आणि शिवणयंत्राची खडखड ऐकू येत होती. शेवटच्या दप्तराला पट्टा लावणं चालू होतं.

"या, या!" हे दोन्ही हात पसरून म्हणाले. "उघडतोच आहोत. जरा दम धरा."

भिंतीला टेकलेल्या गृहस्थाने घसा साफ केला. "काका, क्वार्टर मिळेल ना?"

ह्यांना वाटलं, लहान साइज विचारतोय. "क्वार्टर आहे, हाफ आहे, फुल आहे! क्वार्टर पहिलीच्या पोरांना बरोबर होते. खांद्यावर ओझं येत नाही."

तो माणूस ह्यांच्याकडे बघतच राहिला. "पोरांना?"

"मग! लहानपणापासूनच सवय लावली पाहिजे. नाहीतर मोठी झाली की परदेशी मागतात."

कठड्यावरचे दोघे उठून उभे राहिले. हा काय प्रकार आहे म्हणून मी मागे सरले आणि मान वर करून पहिल्यांदाच दुकानाची पाटी पाहिली. रात्रीपर्यंत तिच्यावर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. जवळच्या मोरवा गावच्या नाथा पेंटरने ती रंगवून, लटकवून, सकाळी कागद काढून नेले होते. पांढऱ्याशुभ्र पाटीवर लालभडक, हातहात लांब अक्षरं होती: सरकारमान्य देशी. आणि खाली, मुंगीच्या पायाएवढं: 'प्रशिक्षित कारागिरांनी शिवलेली शालेय दप्तरे व पिशव्या'.

शिऱ्याचं पातेलं माझ्या हातून पडलं नाही, एवढंच.

"अहो," मी म्हटलं, "हे काय लिहिलंय?"

"मस्त दिसतंय ना? मी नाथाला सगळा मजकूर दिला होता. सरकारमान्य संस्थेत प्रशिक्षित, देशी मालाची वगैरे. तो म्हणाला, काका, एवढं मावाचं न्हाय, दोन शब्द ठळक करतो, लांबून दिसाया पायजेत. मी म्हटलं, कर."

"आणि त्याला काही वाटलं नाही?"

हे आठवू लागले. "तसं त्याने विचारलं होतं, काका, दप्तरं पण ठेवणार का? मी म्हटलं, पण काय? तेच तर मुख्य!"

जन्म मुंबईत गेला ह्यांचा. असल्या पाट्यांच्या शेजारून रोज गेले असतील, पण नाकाला रुमाल लावून आणि मान फिरवून. वाचलं कधीच नाही. आणि निवृत्तीनंतर 'देशी' म्हटलं की ह्यांच्या डोळ्यांसमोर फक्त देश यायचा. मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "अहो, हे दारूच्या दुकानावर लिहितात!" ह्यांनी पाटीकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं, 'क्वार्टर' आठवलं असावं, आणि मटकन कठड्यावर बसले.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी अभिनव फोन हातात धरून पळत आला. पोरगा बरा आहे, पण घाबरट. "काकू, ग्रुप पेटलाय! कुणीतरी पाटीचा फोटो टाकला. मी परवानगी दप्तरांची दिली होती! बायका निघाल्यात इकडे. प्लीज, शटर खाली करा."

"अरे, दप्तरंच आहेत! आत जाऊन बघ!"

"काकू, तक्रार आली की अट लागू. मी काय करू?"

आणि आल्याच त्या. कोपऱ्यावरून महिला मंडळ वळलं. हातात लाटणी, एकीच्या हातात झारा, आणि घोषणा अशा दणदणीत की वरच्या गॅलऱ्या भराभर भरल्या. काही वर्षांपूर्वी ह्याच बायकांनी नाक्यावरच्या दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणलं होतं आणि बाटली आडवी करून दाखवली होती. तेव्हा घोषणा देणाऱ्यांत मीही होते. घसा बसला होता माझा. आज तेच लाटणं माझ्याच दारात आलं होतं.

सगळ्यांच्या पुढे विमलाबाई.

विमलाबाई आणि मी गिरगावात एकाच चाळीत होतो. त्यांचे यजमान पंढरीनाथ दिवसा देवमाणूस. संध्याकाळी मात्र खालच्या जिन्यापासून ओरडत यायचे, "विमले, देशी आणलीय, दार उघड!" सगळी चाळ ऐकायची. विमलाबाई आतून कडी लावून, पोराला पोटाशी धरून बसायच्या. ते गेले त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण तो शब्द विमलाबाईंनी पुन्हा तोंडातून काढला नाही. अंडी घेतील तर 'गावरान' म्हणून. केळीवाला 'देशी केळी' ओरडला तरी त्या पुढच्या गाडीवर जातात. त्यांना ह्या पाटीखाली उभं बघून माझा जीव तुटला.

"गिरिजे," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तू? तू माझ्याबरोबर बाटली आडवी केलीस आणि आता तूच?"

"विमलाबाई, अहो ऐका तरी..."

"काय ऐकायचं? पाटी आंधळ्यालासुद्धा वाचता येईल एवढी मोठी आहे! आणि उद्घाटनाला शिरा पण?"

ती रांगेतली माणसं कधीच पांगली होती. फक्त क्वार्टरवाला उभा होता, त्याला बहुतेक पळायला जागाच मिळाली नव्हती. अभिनवने शटरला हात घातला. मी ओरडले, "खबरदार!" हे कठड्यावरून उठून म्हणाले, "चूक माझी आहे," पण त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

तेव्हा शटर खाली यायच्याऐवजी खडाखड वर गेलं. आतून मेगनने दोन्ही हातांनी ढकललं होतं. "काय हाय? काय झालं? दहा कुठं वाजलं अजून?" तिने एवढा जमाव पाहिला आणि तिचा चेहरा फुलला. "रसिका! अगं, बाहेर ये! केवढी गर्दी हाय!"

रसिका बाहेर आली. गळ्यात मोजायची टेप, केसांना दोरे चिकटलेले. तिने लाटणी पाहिली, आमचे चेहरे पाहिले, मग चार पावलं पुढे जाऊन वर पाटी पाहिली. माझी पोर आता रडणार, असं मला वाटलं. आणि ती हसायला लागली. अशी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं आणि पोट धरून मेगनच्या खांद्यावर रेलली. "बाबा! अहो बाबा!" एवढंच तिला म्हणता येत होतं.

"हसतेस काय?" विमलाबाई गरजल्या. "दाखव! कुठे ठेवलीय ती? दाखव!"

"काय दाखवू, आजी?"

"हेच! पाटीवर लिहिलंय ते!"

रसिकाने डोळे पुसले. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "ही बघा. मीच."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"खोटं नाही, आजी. महापालिकेच्या शाळेत शिकले, बिल्डिंगमध्ये सगळे हसायचे. पुस्तकं सरकारी, दुपारची खिचडी सरकारी. आयटीआय सरकारी. तिथल्या मशीनवर हात बसला, ती मशीन तुमच्या सगळ्यांच्या पैशांतून आलेली. ह्या मेगनचं पण तेच. ह्याच्यापेक्षा सरकारमान्य आणि ह्याच्यापेक्षा देशी माणूस तुम्हाला ह्या एरियात मिळणार नाही. आणि बाबांनी पाटीवर तेच लिहिलं. जरा जास्तच ठळक लिहिलं!"

वरच्या गॅलरीतून कुणीतरी खुसखुसलं. मग झारेवाली हसली. मग हसू असं पसरत गेलं की लाटणी खाली आली. पण विमलाबाई हसल्या नाहीत. त्या सरळ दुकानात शिरल्या. मी पातेलं कठड्यावर ठेवलं आणि त्यांच्या मागे गेले, कारण मला भीती वाटत होती.

आत भिंतीभर दप्तरं टांगलेली होती. निळी, मोरपंखी, डाळिंबी. विमलाबाईंनी एक खाली काढलं. चेन उघडली, मिटली. पुन्हा उघडली. आत हात घालून शिवण उलटी करून पाहिली, पट्टा दोन्ही हातांनी ताणला. त्या स्वतः जन्मभर घरी शिवणकाम करत आल्या. त्याच मशीनवर त्यांनी मुलगा वाढवला.

"दुहेरी टीप मारलीय," त्या म्हणाल्या.

"हो आजी. पोरं दप्तर फेकतात ना."

"सगळं इथलं?"

"कापड, पट्टा, दोरा. चेनसुद्धा. बाबांनी शोधली."

विमलाबाईंनी दप्तर पोटाशी धरलं. बाहेर अभिनव चुळबुळत होता. "मग... तक्रारीचं काय करायचं?" त्याने दारातून विचारलं.

"तक्रार कुणाची होती?" विमलाबाईंनी मागे न वळता विचारलं.

"तुमचीच, आजी."

"घेतली परत. जा आता."

काय सांगू, मला तर तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं! बाहेर मंडळाच्या बायका आधीच आत घुसायला बघत होत्या. "ए, मोरपंखी मला!" "माझ्या दोघी आहेत, सारखी दोन द्या!" लाटणी काउंटरवर पडली, झारा पिशवीत गेला. मेगन एकीकडे दप्तरं काढत होती आणि एकीकडे हिंदी, मराठी आणि येईल तेवढ्या गुजरातीत भाव सांगत होती. गॅलऱ्यांमधल्या बायका चपला न घालता खाली आल्या. मनसुखभाई गंमत बघायला आला होता, तो नातीसाठी दप्तर घेऊन गेला. जाताना दप्तर उलटं करून, मागचं वाचल्यासारखं करत ह्यांना म्हणाला, "काका, पाछळ वांची लीधुं, हां!" आणि तो क्वार्टरवाला, बिचारा, गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका क्वार्टर साइजचं म्हणत होते, ते दाखवता का? मुलगी पहिलीत जाणार आहे." मी त्याला शिरा दिला. दोन चमचे जास्तच.

आमचे हे मात्र शिडी लावून चढायला लागले होते. कुठून तरी पांढऱ्या रंगाचा डबा मिळवला होता त्यांनी. "आत्ताच्या आत्ता पुसतो," ते पुटपुटले. तोंड एवढंसं झालं होतं. जन्मभराच्या स्वदेशीवर जणू कुणी पाणी ओतलं होतं.

विमलाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी शिडी धरली. हे वर चढावेत म्हणून नव्हे.

"उत्तमराव, खाली उतरा."

"पण विमलाबाई, तुम्हाला हा शब्द..."

"मला ठाऊक आहे मला काय ते. खाली उतरा म्हणते ना."

हे उतरले. विमलाबाईंनी मान वर करून पाटीकडे पाहिलं. गिरगावात संध्याकाळी दाराकडे बघायच्या, तशाच बघत होत्या, पण आता त्या उजेडात उभ्या होत्या आणि हातात डाळिंबी दप्तर होतं.

"शब्द चांगलाच आहे हो," त्या म्हणाल्या. "आपला होता. त्या दुकानवाल्यांनी पळवला आणि आपण जाऊ दिला. मी तर तोंडात घेणंच सोडलं. का म्हणून? आता राहू दे. पुसायचं असेल तर खालचं बारीक पुसा आणि मोठं करा. दप्तरं! हातभर लिहा!"

ह्यांनी मान हलवली. मग शिडीवर चढले ते लाल रंग आण म्हणून मला हाका मारतच, आणि मी ओरडले, "आधी नाथाला बोलवा, तुम्ही काही लिहू नका!" सगळी गर्दी हसली. रसिका हसली. खूप दिवसांनी मी माझ्या नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघितलं असेल.

विमलाबाईंनी दप्तर खांद्याला अडकवलं आणि पदरातून फोन काढला. सुनेला लावला असणार. आवाज त्यांचा मोठाच, आणि त्या दिवशी तर त्यांनी तो मुद्दामच चढवला. रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. पुढे चालता चालता त्या म्हणाल्या,

"सूनबाई, देशी आणलंय गं. दार उघड!"